खालचं बोलणं

"खाली गेल्यावर जेवण बेचव लागेल. त्यात आमच्या गोवर्धनभाऊंचा काही दोष नाही," प्रणाली म्हणाली आणि सभागृहात ठरल्या जागी हशा पिकला.

दर चर्चासत्राआधी ती हे वाक्य म्हणायची आणि दर वेळी शास्त्रज्ञ इथंच हसायचे. मग मोज्यांचा विषय. बूट वर ठेवायचे, खाली फक्त लोकरी मोजे. खुर्ची ओढायची नाही, उचलायची. फोन, घड्याळ, कंबरेचा पट्टा वरच्या कपाटात. शिंक आली तर खुशाल शिंकावं, दाबू नये. दाबलेली शिंक यंत्राला जास्त त्रास देते. पाहुणे टिपून घेत होते. पुढच्या रांगेत बसलेल्या मिरजकर मॅडम सत्तरीच्या होत्या आणि खाली चौथ्यांदा जात होत्या, तरी त्याही टिपून घेत होत्या.

हेरंब तिसऱ्या रांगेत होता. तो काही टिपत नव्हता.

पाहुण्यांच्या यादीत नवऱ्याचं नाव आहे हे प्रणालीला आधीपासून माहीत होतं. दोन वर्षं दोघं वेगळे राहत होते, तो पुण्यात आणि ती इथं. वकिलाकडे कुणी गेलं नव्हतं, कारण वकिलाकडे जायचं तरी एकमेकांशी बोलावं लागतं. या आठवड्यापुरती रजा घ्यावी असं तिच्या मनात आलं होतं. पण पाहुण्यांची व्यवस्था पाहणारी ती एकटीच, आणि रजेचं कारण काय सांगणार?

हिरडाटोल्याची प्रयोगशाळा भंडारा जिल्ह्यातल्या एका बंद पडलेल्या मँगनीजच्या खाणीत होती, जमिनीखाली चारशे मीटरवर. तिथं निर्वात पेटीत मोहरीएवढे सोन्याचे दोन मणी काचेच्या तंतूंवर टांगलेले होते. एक मणी दुसऱ्याला किती ओढतो, एवढंच मोजायचं. पृथ्वी आपल्याला ओढते ते लहान पोरालाही कळतं, कारण पृथ्वी अवाढव्य आहे. मोहरी मोहरीला ओढते तेव्हा ती ओढ इतकी क्षीण असते की शेजारून मुंगी चालली तरी तिच्या हालचालीत ती हरवून जाते. गुरुत्वाकर्षण पुंजभौतिकीचे नियम पाळतं की नाही, या प्रश्नाचं उत्तर त्या क्षीण ओढीत दडलेलं असेल अशी सगळ्यांना आशा होती.

मुंग्यांचा बंदोबस्त झाला. रेल्वे लांब होती. माणसांचं काय करायचं ते कळत नव्हतं. हृदय दर ठोक्याला रक्त वर फेकतं, तेव्हा गोळी सुटल्यावर बंदुकीचा दस्ता खांद्याला धक्का देतो तसा शरीराला उलटा हिसका बसतो. आपल्याला तो जाणवत नाही, पण पायांतून जमिनीत जातो आणि जमिनीतून मण्यांपर्यंत पोचतो. हिसके एका लयीत असले तर पंख्याची घरघर वगळावी तसे ते गणितानं वगळता येतात. लय बिघडली की गणित संपलं. काही वर्षांपूर्वी दोन प्राध्यापकांची एक समीकरण आधी कुणी मांडलं यावरून खाली जुंपली, आणि त्या आठवड्याची सगळी मोजणी कचऱ्यात गेली.

त्यानंतर टिकली आली. कागदोपत्री तिचं नाव हृदयस्थिरक असं होतं, पण ते कुणी उच्चारत नसे. नखाएवढी गोल चकती, कानाच्या भोकावरच्या खोलगट वाटीत चिकटवायची. मेंदूतून निघून हृदयाकडे जाणाऱ्या एका मोठ्या नसेची बारीक फांदी तिथं कातडीखाली येते. टिकली तिला मंद विजेनं थोपटत राहते, आणि हृदय शहाण्या बैलासारखं एका चालीनं चालतं.

"आता थोडं महत्त्वाचं," प्रणाली म्हणाली. "भीती वाटते म्हणून छाती धडधडते असं आपण धरून चालतो. त्याच्या उलटंही तेवढंच खरं आहे. छाती धडधडतेय ही बातमी मेंदूला मिळते आणि म्हणून भीती वाढते. ठोका जागचा हललाच नाही तर ती बातमी वर जात नाही. तेव्हा खाली तुम्हाला राग, आनंद, धास्ती यातलं फारसं काही वाटणार नाही. बुद्धी शाबूत राहील, आठवणी राहतील. पण पाण्यातून हाक ऐकू यावी तसं सगळं लांबून येईल. म्हणून टिकली असताना कशावर सही करायची नाही, कुणाला शब्द द्यायचा नाही."

"आणि खालचं बोलणं वर आणायचं नाही," मिरजकर मॅडम मागे वळून सगळ्यांना म्हणाल्या. "तो नियम ही सांगत नाही, मी सांगते. पहिल्यांदा आले तेव्हा माझा विद्यार्थी चहा पिता पिता मला म्हणाला, 'मॅडम, तुमचं मागच्या दहा वर्षांतलं काम सुमार आहे.' मी म्हटलं, 'हो, असेल.' वर आल्यावर मी तो शब्द काढला नाही, त्यानंही काढला नाही. अजून दिवाळीला फराळ घेऊन येतो."

पुन्हा हशा. मग प्रात्यक्षिक. प्रणाली मोजे घालून मंचावरच्या चौकोनी लादीवर उभी राहिली. लादीखाली खालच्याच जातीचं पण पुष्कळ भोळं यंत्र होतं. तिच्या हृदयाचा आलेख मागच्या भिंतीवर उमटला.

एरवी तिथं ठोके सत्तरच्या आसपास दिसायचे. आज आकडा एकशे अठरा होता. आलेखाची शिखरं एकमेकांवर चढत होती.

"मॅडम, तुम्ही जिना चढून आलात का?" मागून कुणीतरी थट्टेनं विचारलं.

"हो," प्रणाली म्हणाली. तिसऱ्या रांगेकडे तिनं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर आणखी चढलेला आकडा भिंतीवर सगळ्यांनी वाचला असता. तिनं डबीतून टिकली काढली, कागद सोलला आणि कानात चिकटवली.

मिनिटाभरात शिखरं एकमेकांपासून दूर सरकली आणि सारख्या उंचीची झाली. भिंतीवर एकसष्ट. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तिनं तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. निळा शर्ट घातलेला, कानशिलावर केस पिकायला लागलेला एक माणूस तिथं बसला होता. तो तिचा नवरा होता. खिडकी होती, खुर्च्या होत्या, तोही होता.

"चला," ती म्हणाली. "एका वेळी चौघं."

* * *

खालची चर्चा इंग्रजीत चालायची आणि चहा मराठीत. तीस माणसं मोज्यांवरून बोगद्यात ये-जा करायची आणि पावलाचा आवाज यायचा नाही. एरवी एकमेकांचे लेख फाडून खाणारी मंडळी "तुमचा मुद्दा माझ्या मुद्द्याला खोडून काढतो, बरोबर," असं म्हणून खाली बसायची. तरुण पोरांपैकी एकानं जेवताना विनोद सांगितला. सगळे थांबले. "हा चांगला विनोद आहे," मिरजकर मॅडम म्हणाल्या आणि सगळे पुढं जेवायला लागले.

गोवर्धनभाऊ स्वतः टिकली लावून वाढायचे. वर असताना हा माणूस पोळी करपली तरी कपाळाला हात लावून बसायचा. "मॅडम, मले एक टिकली घरी न्यायची हाय जी," ते प्रणालीला नेहमी म्हणायचे. "बायको अन् माय दोघी एकदम बोलतात तवा लावतो." खाली मात्र ते नुसते वाढत राहायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेरंब पोह्यांची बशी घेऊन तिच्या समोर येऊन बसला.

"बसू ना?"

"बसलायस की."

"हो." त्यानं लिंबू पिळलं. "तू बारीक झालीस."

"इथलं पाणी मानवलं नाही. तुझी आई कशी आहे?"

"गुडघा बदलला. आता दिवसातून दोनदा जिना चढून दाखवते सगळ्यांना."

इतकं सोपं होतं. दोन वर्षं ज्या माणसाचा फोन आला की तिच्या हाताला घाम फुटायचा, त्याच्याशी ती गुडघ्याबद्दल बोलत होती. पोहे संपले तेव्हा ती म्हणाली, "संध्याकाळीही इथंच बस." तो म्हणाला, "बरं."

मग ते रोज बसायला लागले. पुण्यातल्या घराच्या गळतीबद्दल बोलले. तिच्या एमेस्सीच्या मैत्रिणींबद्दल बोलले. दोघांनाही ठाऊक होतं की मधे एक जागा आहे आणि ते तिला वळसा घालून चाललेत. वर असते तर त्या जागेच्या आसपास फिरकताच कुणीतरी उठून गेलं असतं. इथं उठून जावं असं वाटतच नव्हतं. त्यामुळे चौथ्या दिवशी, वरणभात कालवताना, प्रणालीनं विचारलं.

"त्या दिवशी तू बंगळूरला का गेलास?"

त्यांची मुलगी सातव्या महिन्यात जन्मली होती. पुण्याच्या एका इस्पितळात काचेच्या पेटीत ती जेमतेम आठवडाभर होती. नाव ठेवलेलं नव्हतं. पायाला बांधलेल्या पट्टीवर 'प्रणाली यांचं बाळ' एवढंच होतं. ज्या दुपारी ती गेली त्या दुपारी हेरंब बंगळूरच्या बैठकीत होता. तारीख बदलता आली नाही, डॉक्टर बाळ स्थिर आहे म्हणाले होते, फोन विमानात बंद होता. प्रणालीला हे सगळं पाठ होतं. त्यानं हे एकदाच सांगितलं होतं आणि तिनं त्यानंतर काही विचारलं नव्हतं.

"तारीख मीच मागून घेतली होती," हेरंब म्हणाला. "ते पुढं ढकलायला तयार होते. मला त्या काचेसमोर बसवत नव्हतं. तिची छाती वर जायची आणि मला वाटायचं, आता खाली येणार नाही."

"अच्छा."

"आणि फोन बंद नव्हता. विमानात बसायच्या आधी सिस्टरचा फोन आला. म्हणाली, 'साहेब, लवकर या.' मी रांगेत उभा होतो. माझ्यापुढं दोघं होते. मी 'येतो' म्हणालो आणि विमानात बसलो."

प्रणालीनं घास तोंडात घातला. वरणात मीठ आहे की नाही ते कळत नव्हतं. आपण आत्ता काहीतरी फार मोठं ऐकलं, हे तिला नीट समजत होतं. नकाशावर आपलं गाव पाहावं तसं ते समोर होतं.

"मला त्यांनी विचारलं होतं," ती म्हणाली. "शेवटी. 'बाळाला मांडीवर घेता का?' म्हणून. मी नाही म्हटलं. मी म्हटलं, हेरंब येईपर्यंत थांबा. तिला थांबता आलं नाही. तिला कुणीच घेतलं नाही."

"हे मला माहीत नव्हतं."

"नाही."

"अच्छा," हेरंब म्हणाला.

गोवर्धनभाऊ ताक घेऊन आले. दोघांनी घेतलं.

* * *

शेवटल्या सकाळी, वर जायच्या आधी, हेरंबनं दोन छोट्या डब्या तिच्यासमोर ठेवल्या.

"टिकल्या बनवणारे घरगुती चाचणी घेतायत. घरात, ऑफिसात, कायमच्या लावून ठेवायच्या. मी नाव दिलंय. एका घरातून दोघं असतील तर त्यांना हवंच आहे." तो नेहमीच्याच सुरात बोलत होता, पण इथं सगळेच त्या सुरात बोलत होते. "पुण्याला चल. आपण आठवडाभर एकदाही भांडलो नाही. सगळं बोललो. लोकांना सल्लागारांकडे जाऊन जे जमत नाही ते आपल्याला जेवताना जमलं."

"खरं आहे."

"मग?"

प्रणालीनं विचार केला. पुण्याचं घर, खिडकीखालचा बुचाच्या फुलांचा सडा, समोर बसून पोहे खाणारा हेरंब. कुठं काही दुखत नव्हतं. नाही म्हणायला तिला एकही कारण सापडेना.

"चालेल," ती म्हणाली. "येईन मी."

खाली कुणाला शब्द द्यायचा नाही, हे तीच पाहुण्यांना दर वेळी सांगायची. पाहुण्यांना.

वर आल्यावर सगळ्यांना उतारखोलीत बसवायचा रिवाज होता. लांबट, पुष्कळ खिडक्यांची खोली, भिंतीलगत दिवाण, मधल्या टेबलावर चहा आणि रुमालांची चळत. टिकली काढली की हृदय हळूहळू आपल्या चालीवर येतं. नवख्यांना दोनेक तास लागतात, रोजच्यांना जास्त. आठवडाभर जे आत पडून राहिलेलं असतं ते तेवढ्या वेळात वर येतं. अशा वेळी माणसाला गाडीत बसवून देणं बरं नाही. प्रणालीचं काम टिकली न काढता शेजारी बसायचं आणि चहा द्यायचं.

तासाभरात खोली जागी झाली. विनोद सांगणारा तरुण आपलाच विनोद आठवून खिदळायला लागला. दोन जण दारातच कचाकचा भांडायला लागले. तीन दिवसांपूर्वी एकानं दुसऱ्याचा मुद्दा खोडला होता. मिरजकर मॅडमना फोन परत मिळाला होता. त्यांनी तो वाचला, पिशवीत ठेवला, पुन्हा काढला आणि वाचला.

"काय झालं, मॅडम?"

"काही नाही गं. मोती गेला. बुधवारी." मोती त्यांचा कुत्रा होता. "कामाच्या बाईनं बुधवारीच संदेश टाकला होता. मी बुधवारी काय करत होते गं? बुधवारी मी..." त्यांनी रुमाल घेतला, चष्मा काढला आणि सत्तर वर्षांची ती बाई लहान मुलीसारखी मुसमुसून रडायला लागली. प्रणाली त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिली. हात बरोबर ठिकाणी होता, दाब बरोबर होता. हे काम ती चांगलं करायची.

"तुला हसू येत असेल," मॅडम मधेच म्हणाल्या. "म्हातारं कुत्रं होतं. दात पडले होते मेल्याचे."

"नाही येत हसू."

"तुला आत्ता काहीच येत नसेल म्हणा. काढ की ती, तुझी पाळी संपली ना?" मॅडमनी नाक पुसलं. "मला विचारशील तर, तो गेला हे आत्ता कळलं याचंच वाईट वाटतंय. त्याच्या वाटणीचं रडणं मी बुधवारी दिलं नाही त्याला."

प्रणाली उठली. हेरंब खिडकीजवळ बसून पुस्तक वाचत होता. प्रणाली सोडली तर सगळ्या खोलीत त्याच्या एकट्याच्या कानात टिकली होती. चाचणीचं पत्र दाखवून त्यानं परवानगी काढली होती. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिनं आपल्या कानातली टिकली नखानं सोलून काढली.

"अगं, ठरलं होतं ना आपलं?"

"खाली ठरलं होतं."

"खाली म्हणजे काय? तेव्हा तूच होतीस की."

"माहीत नाही," ती म्हणाली, आणि ते खरं होतं. तिला अजून काही होत नव्हतं. रोजच्या सवयीमुळे तिची टिकली उतरायला संध्याकाळ व्हायची. "तू सांगितलंस ते माझ्यापर्यंत पोचलेलं नाही, हेरंब. ते यायचंय अजून. ते येईल तेव्हा तू इथं असावास असं मला वाटतंय. तूही काढ आणि थांब."

हेरंबनं पुस्तकात बोट ठेवलं. तो खरोखर विचार करत होता, हे तिला दिसलं. "त्यातून काय निष्पन्न होईल?" त्यानं विचारलं. त्याच्या आवाजात चीड नव्हती. एखाद्या बैठकीत विचारावं तसं त्यानं विचारलं. "आणि प्रणाली, खालचं बोलणं वर आणायचं नाही असं इथं आहे ना?"

दुपारी पाहुण्यांची बस नागपूरला निघाली. त्यानं एक डबी तिच्या टेबलावर ठेवली. "विचार बदलला तर," तो म्हणाला आणि खिडकीजवळच्या जागेवर जाऊन बसला. बस वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती उभी राहिली, कारण पाहुण्यांना निरोप देताना ती नेहमीच तशी उभी राहायची.

* * *

पाच वाजायच्या सुमारास ती गोवर्धनभाऊंच्या स्वयंपाकघरात भेंड्या चिरायला बसली होती. पाहुणे गेल्यावर वरची मंडळी पाच-सहाच उरत. गोवर्धनभाऊ शेगडीपाशी आपल्या सासूची नक्कल करून दाखवत होते. प्रणालीला नक्कल गमतीदार वाटली, आणि गमतीदार वाटली म्हणजे आता टिकली उतरायला लागली, असं तिच्या मनात आलं.

मग सुरी हातातच थांबली.

माझ्यापुढं दोघं होते, तो म्हणाला होता. माझ्यापुढं दोघं होते. म्हणजे त्यानं मोजले होते. कानाला फोन, सिस्टर 'लवकर या' म्हणतेय, आणि हा पुढची माणसं मोजतोय. आणि त्यानंतर ती काचेपाशी उभी राहून सिस्टरला सांगत होती, थांबा, तिचे बाबा निघालेत, येतीलच. मांडी रिकामी होती. मांडी रिकामी होती आणि ती नाही म्हणाली होती.

ती टेबलावर वाकली. तिच्या तोंडून असा आवाज निघाला की गोवर्धनभाऊंच्या हातातली कढई तशीच राहिली.

"मॅडम? बोट कापलं का?"

तिनं मान हलवली. छाती इतकी जोरात चालत होती की दातांत ऐकू येत होतं. दोन वर्षं हे दुखणं तिच्या सवयीचं होतं, पण त्याला आज नवं पातं फुटलं होतं. आणि त्यावरचा उपाय, टेबलावरून उचललेली हेरंबची डबी, ओढणीच्या गाठीजवळ, कुर्त्याच्या खिशात होता. तिनं डबी काढली. टिकली बाहेर घेतली, कागद सोलला. कानाशी नेली. एक मिनिट लागतं. शिखरं दूर सरकतात, सारख्या उंचीची होतात, आणि मग मांडी ही मांडी असते आणि विमान हे विमान.

आणि मुलगी? ती म्हणजे 'अच्छा'.

तोंड धुताना आई कपाळावरची टिकली आरशाला चिकटवायची, तशी प्रणालीनं ती समोरच्या स्टीलच्या ग्लासाला चिकटवली आणि फोन उचलला.

"बोल," हेरंब म्हणाला. मागं बसचा आवाज नव्हता. तो नागपूरला विमानतळावर पोचला होता. आवाज सकाळचाच, इस्त्री केलेला.

"तुला फोन आला होता," ती म्हणाली. एवढंच बोलायचं तिनं ठरवलं होतं. पण पुढचे शब्द आपोआप आले आणि मग ओरडणं आलं. ती त्याला भेकड म्हणाली, हलकट म्हणाली. लहानपणी वाडीत ऐकलेल्या आणि कधी तोंडातून न काढलेल्या शिव्या तिनं दिल्या. तू मोजलेस, ती ओरडत होती, उभा राहून माणसं मोजलीस तू, आणि मी तिला तुझ्यासाठी थांबवून ठेवलं. मी तिला हात लावला नाही रे, हेरंब, तुझ्यासाठी. गोवर्धनभाऊंनी गॅस बंद केला आणि ते दाराशी जाऊन पाठमोरे उभे राहिले, म्हणजे कुणी आत येऊ नये.

ती दमून थांबली तेव्हा पलीकडून आवाज आला, "थोडं पाणी पी."

त्याची काळजी खरी होती, हे सगळ्यात वाईट होतं. भिंतीवर डोकं आपटावं आणि भिंतीनं लागलं का विचारावं, तसं.

"हेरंब, ती काढ."

"माझं विमान..."

"तुझं विमान तुला नेहमीच मिळतं. काढ ती. मी थांबते."

"दोन तास लागतात, तुला माहीत आहे."

"मी फोन ठेवत नाही. तू ठेवायचा असेल तर ठेव."

पलीकडे कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं. मग हलकासा, चिकटपट्टी सोलल्यासारखा आवाज आला.

"काढली," तो म्हणाला.

तिनं फोन टेबलावर उताणा ठेवला. गोवर्धनभाऊ परत आले. त्यांनी चार्जर आणून फोनला लावला, तिच्या हातातली सुरी घेतली आणि उरलेल्या भेंड्या स्वतः चिरल्या. फोनमधून नागपूरचा विमानतळ ऐकू येत होता. सामानाच्या गाड्यांची चाकं. एक रडणारं मूल आणि त्याला दटावणारी बाई. पुण्याच्या विमानाची घोषणा झाली, मग शेवटची घोषणा झाली, मग हेरंबच्या नावानं घोषणा झाली. खुर्चीवरून उठल्याचा आवाज आला नाही. त्याचा श्वास तेवढा येत होता, एका मापाचा.

बाहेर अंधारलं. गोवर्धनभाऊंनी तिच्यापुढं भात ठेवला. तिनं दोन घास खाल्ले. तिखट जास्त होतं आणि डोळ्यांत पाणी आलं.

आठच्या सुमारास श्वासाचं माप बिघडलं. आधी एक मोठा, मग मधेच अडलेला, मग बराच वेळ काहीच नाही. प्रणालीनं फोन उचलून कानाला लावला.

"प्रणाली," हेरंब म्हणाला. हा आवाज तिनं दोन वर्षांत ऐकला नव्हता. "प्रणाली, मी... अगं, ती म्हणाली लवकर या, आणि मी..."

तिला वाटलं की असू दे म्हणावं. तिला वाटलं की फोन भिंतीवर फेकावा.

"थांबू नकोस," ती म्हणाली. "तू रांगेत होतास. तुझ्यापुढं दोघं होते. तिथून सांग."